पाठीतल्या कळा, पाठीतलं इंजेक्शन

पत्र थोडक्यात असं: लिहिणारी २८ वर्षांची पहिलटकरीण आहे, चौतिसावा आठवडा सुरू आहे. नोकरी पुण्यात, नवराही तिथेच. बाळंतपणासाठी ती माहेरी, तालुक्याच्या गावी आली आहे. गेल्या वर्षी तिच्या जावेला सगळ्या कळा पाठीतच आल्या, रात्रभर ती कंबर धरून ओरडत होती आणि पहाटे शेवटी सिझर झालं. आता हिच्या सोनोग्राफीत बाळाचं डोकं खाली आहे, पण बाळाची पाठ आईच्या पाठीकडे आहे असं लिहून आलंय. कंबर तर आत्तापासूनच दुखते. नवरा म्हणतो, एपिड्युरल (कळा बोथट करणारं पाठीतलं इंजेक्शन) घे. आई म्हणते, पाठीत सुई टोचली की जन्माची पाठदुखी, आम्ही नाही का सहन केलं! सासूबाई म्हणतात, चांगला दिवस बघून सिझरच करून टाकू. माहेरच्या नर्सिंग होममध्ये रात्री भूलतज्ज्ञ मिळतीलच असं नाही. तिचा प्रश्न: "ताई, मी कुणाचं ऐकू? आणि पाठीच्या कळा आपल्याला सहन होणार नाहीत असं वाटणं हा माझा कमकुवतपणा आहे का?"

सोनोग्राफीचा तो कागद आधी फाइलमध्ये ठेवून दे. (तुला 'तू' म्हणतेय, रागावू नकोस. माझं आयुष्य लेबर रूममध्ये सिस्टर म्हणून गेलं, तिथे अहो-जाहो टिकत नाही.) त्या कागदावरचं कामाचं वाक्य एकच, डोकं खाली आहे. चौतिसाव्या आठवड्यात बाळाची पाठ कुठे आहे, यावरून बाळंतपणाच्या दिवशी ती कुठे असेल हे सांगता येत नाही. कळा सुरू होतात तेव्हासुद्धा दर चार-पाच बायकांमागे एकीचं बाळ असं आईच्या पाठीला पाठ लावून असतं, आणि त्यातली बहुतेक बाळं खाली उतरता उतरता आपसूक वळतात. जन्म होईपर्यंत तशीच राहणारी सगळ्या बाळांत मिळून शंभरात पाचेक. त्यातल्याही पुष्कळजणींची प्रसूती नीट होते, फक्त वेळ जास्त लागतो, कधी चिमटा किंवा व्हॅक्यूम लावावा लागतो, कधी सिझर.

आणि पाठीत कळा येतात त्या फक्त बाळ असं असल्यामुळेच, हेही खरं नाही. गर्भाशयाकडून आणि त्याच्या तोंडाकडून येणाऱ्या नसा पाठीच्या कण्यात ज्या भागात शिरतात, त्याच भागात कंबरेकडच्या नसाही येऊन मिळतात. त्यामुळे पिशवीचं तोंड उघडत असतं आणि दुखतं कंबरेत. बाळ अगदी सरळ, नीट असलेल्या बायकांनाही पाठीत कळा येतात. बाळ पाठीला पाठ लावून असलेल्या काहीजणींना येतही नाहीत. तुझ्या जावेचं सिझर नुसत्या पाठीच्या कळांमुळे झालेलं नसणार. बाळाचे ठोके कमी झाले, डोकं उतरलं नाही, तोंड उघडायचं थांबलं, असं काहीतरी कारण तिच्या डिस्चार्ज कार्डावर लिहिलेलं असेल. तुमचं बरं जमत असेल तर तिला विचार. त्या रात्रीबद्दल तिला कुणी धड काही विचारलंही नसेल.

कमकुवतपणाचं आता सांगते. नाही. कळा सोसण्याच्या ताकदीवर कुणाला मार्क मिळत नाहीत, आणि जिला जास्त दुखतं ती कमी आई होत नाही. एकच बाई पहिल्या वेळी भिंतीवर डोकं आपटते आणि दुसऱ्या वेळी दोन तासांत मोकळी होते. बाळ कसं बसलंय, कळा आपोआप आल्यात की सलाइनमधून औषध देऊन आणल्यात, आदल्या दोन रात्री झोप झाली होती का, पोटात काही होतं का, खोलीत कोण होतं, यावर सगळं असतं. तुझ्या आईने सोसलं, खरं आहे. पण तेव्हा तिला दुसरं काही देऊ केलेलं होतं का, हे तिला एकदा प्रेमाने विचार.

तुझ्या घरात तीन मतं आहेत, पण मला तिन्ही एकाच माळेतली वाटतात. दातओठ खाऊन सोसायचं, नाहीतर इंजेक्शन, नाहीतर ऑपरेशन. मधे काहीच नाही असं तिघांनीही धरलंय. मधे खूप काही आहे, आणि पाठीच्या कळांमध्ये तर ते इतर कळांपेक्षा जास्त उपयोगी पडतं, कारण इथे दुखण्याची जागा हाताला सापडते.

सगळ्यात उपयोगी गोष्ट फुकट आहे. कंबरेखाली, दोन्ही बाजूंना खळगे दिसतात त्यांच्या मधोमध आणि जरा खाली, माकडहाडाच्या वर एक चपटं रुंद हाड लागतं. कळ सुरू झाली की मागे उभं राहणाऱ्याने तळहाताचा मनगटाकडचा भाग त्या हाडावर ठेवायचा आणि दाबायचं. चोळायचं नाही. दाबून धरायचं, कळ पूर्ण ओसरेपर्यंत. कोपर ताठ ठेवून, जड कपाट सरकवताना लावतो तसा अंगाचा भार लावायचा, नुसत्या हाताच्या जोरावर अर्ध्या तासात माणूस दमतं. जागा बाईने सांगायची: वर, जरा खाली, अजून जोरात. बाळ उतरतं तशी ती जागाही खाली सरकते, म्हणून दर थोड्या वेळाने परत विचारायचं. मणक्यांवर मधोमध दाबायचं नाही, आणि पोटावर तर कुणीच दाबायचं नाही. दुसरी पद्धत: मागून दोन्ही तळवे कुल्ल्यांच्या बाजूंवर ठेवून दोन्हीकडून आत आणि किंचित वर दाबायचं. काहींना पहिली पद्धत मानवते, काहींना दुसरी. काहीजणींना कळेत हात लावलेलाच चालत नाही, आणि हे आधी कळत नाही. नवऱ्याने तेव्हा मनाला लावून घेऊ नये.

मग अंगाची ठेवण. पाठीवर उताणं झोपणं ही पाठीच्या कळांसाठी सगळ्यात वाईट जागा; शिवाय त्यात पोटाचा भार मोठ्या रक्तवाहिनीवर येतो, बाईला गरगरतं आणि बाळाकडचा रक्तपुरवठा कमी होऊ शकतो. आपल्याकडे लेबर टेबल दिसलं की बायका आपण होऊन उताण्या होतात, कुणी सांगावंही लागत नाही! त्यापेक्षा कॉटचं डोकं वर करून त्यावर पुढे झुक, खुर्चीवर उलटी बसून पाठीच्या फळीवर हात टेक, उशीवर छाती टेकून गुडघ्यांवर ये, चाल. पडायचंच असेल तर कुशीवर, दोन्ही गुडघ्यांमध्ये उशी घेऊन. बाळाचे ठोके बघायचा पट्टा बसूनही लावता येतो, फक्त तसं विचारावं लागतं.

फरशी पुसायला सांगणाऱ्या आज्या-काकू तुलाही भेटल्या असतील. गुडघ्यांवर आणि हातांवर ओणवं होण्याने कंबरेला बरं वाटतं, मार्जारासनातही तेच होतं. पण त्याने बाळ फिरतं का? ऑस्ट्रेलियात अडीच हजारांवर गरोदर बायकांचा एक अभ्यास झाला, २००४ साली तो छापून आला. सदतिसाव्या आठवड्यापासून निम्म्या बायकांनी रोज दोनदा दहा-दहा मिनिटं हा व्यायाम केला. जन्माच्या वेळी बाळांच्या स्थितीत फरक पडला नाही. तेव्हा कंबरेसाठी खुशाल ओणवी हो, पण बाळ फिरलं नाही तर 'मी फरशी नीट पुसली नाही' असं मनात आणू नकोस. आणि नवव्या महिन्यात सगळ्या घराची फरशी तुझ्याकडून पुसून घ्यायला हे निमित्तही होऊ देऊ नकोस.

गरम पाण्याची पिशवी कंबरेला लावावी, कापडात गुंडाळून, स्वतःच्या हाताला सोसेल एवढीच गरम. कोमट पाण्याचा शॉवर पाठीवर सोडून स्टुलावर बसलेल्या बायका मी तासन्‌तास शांत बसलेल्या बघितल्यात. शॉवर नसेल तर बादली-तांब्याही चालतो. फिजिओथेरपीवाल्यांकडे टेन्सचं छोटं मशिन मिळतं, पाठीला चकत्या चिकटवून मुंग्या आणणारं. त्याचा पुरावा पातळ आहे, पण कळांच्या सुरुवातीला काहींना बरं वाटतं. डॉक्टरांना विचारून वापरावं आणि पाण्यात अजिबात नाही. स्वीडनमध्ये, ऑस्ट्रेलियात एक गमतीशीर उपाय चालतो: कंबरेखाली त्या खळग्यांच्या आसपास चार ठिकाणी कातडीत निर्जंतुक पाण्याची अगदी थेंबभर इंजेक्शनं. अर्धा मिनिट गांधीलमाशी चावल्यासारखी आग होते आणि मग तास-दोन तास पाठीतली कळ बरीच उतरते, पोटातली नाही. औषध नाही, बाळाला काही नाही. आपल्याकडे फार ठिकाणी करत नाहीत, पण विचारायला काय हरकत आहे.

या सगळ्याला मागे उभं राहणारं माणूस लागतं. जिच्याजवळ सुरुवातीपासून शेवटपर्यंत आपलं कुणीतरी असतं तिची प्रसूती सरासरी लवकर होते आणि सिझर कमी होतात, असं देशोदेशीच्या अभ्यासांत परत परत दिसलंय. तुझ्या नर्सिंग होमला आजच विचार की आत कोण येऊ शकतं. सरकारी दवाखान्यात जाणाऱ्या वाचकांसाठीही सांगते: केंद्र सरकारने २०१६ मध्येच प्रसूतीच्या वेळी बाईसोबत एक जण ठेवायला परवानगी दिली आहे आणि २०१७ मध्ये आलेल्या 'लक्ष्य' या सरकारी लेबर रूम सुधारण्याच्या कार्यक्रमातही ते आहे. सोबतीण शक्यतो स्वतः बाळंत झालेली नातेवाईक असावी, तिला संसर्गाचा आजार नसावा, कपडे स्वच्छ असावेत, तिने उपचारात लुडबुड करू नये, एवढ्याच अपेक्षा. नवऱ्याला आत घेणं मात्र तिथे आडोसा कितपत आहे त्यावर ठरतं. प्रत्यक्षात "बाई बाहेर थांबा" ऐकू येईलच, म्हणून हे नाव नोंदवतानाच बोलून ठेवावं.

आता तुझ्या आईची सुई.

एपिड्युरलमध्ये सुई पाठीत राहत नाही. भूलतज्ज्ञ कंबरेच्या दोन मणक्यांमधल्या फटीतून एक बारीक नळी आत सरकवतात, सुई काढून घेतात आणि नळीतून औषध देत राहतात. दहा-वीस मिनिटांत कळ बोथट होते. टोचलेल्या जागी चार दिवस ठणकतं, ते खरं. पण पुढची कायमची पाठदुखी? एपिड्युरल घेतलेल्या आणि न घेतलेल्या बायकांकडे नंतर बघितलं तर पाठदुखीत फरक सापडत नाही. मग आईच्या ओळखीतल्या त्या सगळ्या बायकांची पाठ का दुखते? कारण बाळंतपणानंतर पाठ दुखतेच, सुई असो वा नसो. नऊ महिने सैल झालेले सांधे, पोटाचे ढिले स्नायू, दिवसातून दहा-बारा वेळा वाकून पाजणं, झोप नाही. सुई आठवणीत राहते, वाकून पाजणं राहत नाही, म्हणून नाव सुईचं होतं. बाळाला स्तनापर्यंत उचलून घे, मांडीवर उशी, पाठीमागे लोड. तू बाळाकडे वाकू नकोस. आईला तुझ्या पाठीची एवढी काळजी आहे तर ही उशांची व्यवस्था तिच्याकडे सोपव.

नवऱ्यालाही जरा थांबवायला हवं. एपिड्युरल म्हणजे बटण दाबलं आणि दुखणं गेलं, असं नसतं. आठ-दहा बायकांमागे एखादीला ते नीट लागू होत नाही, एका बाजूला दुखत राहतं, नळी पुन्हा बसवावी लागते. रक्तदाब उतरू शकतो, कधी ताप येतो, पाय जड होतात, लघवीला नळी लागू शकते, जोर देण्याचा टप्पा लांबतो. शंभरात एखादीला नंतर काही दिवस बसलं की चढणारी तीव्र डोकेदुखी होते, तिच्यावर उपचार आहे. सिझरचं प्रमाण त्याने वाढत नाही, ही भीती मात्र काढून टाक. प्लेटलेट कमी असतील, रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील, मणक्याचं ऑपरेशन झालेलं असेल तर भूलतज्ज्ञांना महिनाभर आधीच भेटावं, कळा सुरू झाल्यावर नाही. काही मोठ्या हॉस्पिटलांत नाकावाटे घ्यायचा एंटोनॉक्स वायू असतो, अर्धा ऑक्सिजन, अर्धा नायट्रस ऑक्साइड. दुखणं जात नाही, पण कळ सुसह्य होते आणि मास्क आपल्याच हातात असतो.

सासूबाईंच्या चांगल्या दिवसाबद्दल मी एवढंच सांगेन की सिझरलाही इंजेक्शन पाठीतच देतात. ते तुझ्या आईला सांगून बघ! थट्टा सोडली तर, काही वैद्यकीय कारण असेल तर सिझर जीव वाचवतं, आणि ते झालं म्हणून कुणी खट्टू होऊ नये. पण पाठीत कळा येतील या भीतीपायी पोट उघडून घेणं म्हणजे काही तासांचं दुखणं टाळून काही आठवड्यांचं विकत घेणं. पुढच्या बाळंतपणातही तो व्रण हिशेबात धरावा लागतो. दुखण्याची भीतीच इतकी असेल की झोप, जेवण उडालंय, तर ते डॉक्टरांना स्पष्ट सांग. त्यावरही मदत मिळते, आणि सगळं समजून घेऊनही सिझरच हवं असं तुझं स्वतःचं मत झालं तर तो विषय डॉक्टरांशी मोकळेपणाने बोलता येतो. मत मात्र तुझं हवं, पंचांगाचं नको.

मग राहायचं कुठे? तुझा खरा प्रश्न मला हा वाटतो, जरी तू तो पत्राच्या शेवटी, एका वाक्यात उरकला आहेस.

नर्सिंग होममध्ये आईला घेऊन जा आणि डॉक्टरांना विचार: रात्री सिझर करायची वेळ आली तर भूलतज्ज्ञ किती वेळात पोचतात? रक्ताची सोय कुठून? बाळाचे डॉक्टर कुठे असतात? हे प्रश्न एपिड्युरलच्याही आधीचे आहेत. उत्तरं समाधानकारक असतील आणि वर सांगितलेल्या उपायांवर तुझं मन बसत असेल, तर माहेरीच राहा. ओळखीचे डॉक्टर, आपली माणसं आणि मागे उभं राहायला आई, हे काही थोडं नाही. पण उत्तरं ऐकून पोटात गोळा आला, किंवा 'मागितलं तर एपिड्युरल मिळेल' एवढा नुसता आधारही तुला हवा असेल, तर पुण्याला जा. घ्यायलाच हवं असं नाही. मिळणार आहे हे माहीत असलं की पुष्कळजणी न घेताच निभावून नेतात. मला विचारशील तर, तुझ्या पत्राचा सूर ऐकून माझा कल पुण्याकडे आहे. जायचं तर डॉक्टरांना विचारून याच आठवड्या-दोन आठवड्यांत, अडतिसाव्यात धावपळ नको. तिथल्या हॉस्पिटलला विचारून ठेव की एपिड्युरल रात्रीही मिळतं का आणि त्याचे पैसे पॅकेजमध्ये आहेत की वेगळे. आणि पहिलं बाळंतपण माहेरी व्हायला हवं म्हणून आई हट्ट धरत असेल, तर तिला तुझ्याबरोबर पुण्याला चल म्हण. तिला दोन महिने गाव सोडवत नसेल तर मावशी, काकू, कुणीही चालेल, फक्त रात्री झोपेतून उठून कंबर दाबणारी हवी.

आत्ताच्या कंबरदुखीबद्दलही, कारण अशी पत्रं बरीच येतात. घरातल्या डब्यातली आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारखी गोळी गरोदरपणात स्वतःच्या मनाने घ्यायची नाही, या दिवसांत ती बाळाला त्रासदायक ठरू शकते. पॅरासिटामॉलसुद्धा डॉक्टरांना विचारून. कळा लवकर याव्यात म्हणून एरंडेल पाजणारी शेजारीण भेटली तर तिला चहा पाजून परत पाठव. त्याने जुलाब आणि उलट्या नक्की होतात. सदतीस आठवडे व्हायच्या आधी कंबर ठरावीक वेळाने दुखून थांबत असेल, थोड्या वेळाने परत दुखत असेल, तर त्या कळाच असू शकतात. त्याच दिवशी दाखवा. पाणी गेलं, रक्त दिसलं, बाळाची हालचाल मंदावली, पोट दगडासारखं घट्ट होऊन सुटेनाच, डोकं फार दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली, किंवा थंडी-ताप येऊन एका बाजूची कंबर दुखायला लागली आणि लघवीला जळजळ आहे, तर रात्र काढू नका. पाठीच्या दुखण्याबरोबर मांड्यांच्या आतल्या बाजूला बधिरपणा, पायात जोर नसणं किंवा लघवी न होणं हे बाळंतपणाआधी असो की नंतर, तातडीचं समजा.

दाबायच्या तालमीसाठी मात्र कळांची वाट बघू नका. आज रात्रीच खुर्चीवर उलटी बस आणि आईला जागा शोधायला सांग. कंबर दुखतेच आहे, तेव्हा बरोबर जागा सापडली की तुला लगेच कळेल. नवरा शनिवार-रविवारी येईल तेव्हा त्यालाही तीच जागा दाखव.